शिशाची विमानं

टर्नस्टोन सरोवर, उत्तर ऑन्टारियो
१४ ऑक्टोबर १९७८

प्रिय सायमा,

तुझा वेलचीचा पाव मिळाला. टपालाच्या विमानात कुणीतरी त्यावर बसलं होतं, पण चपटा पावही कॉफीत बुडतो. तुझी लेम्पीकाकू गेल्यापासून मला कुणी पाव पाठवत नाही, म्हणून हे लिहितोय. तक्रार नाही.

आता कामाचं. जानेवारीत माझ्या लॉजच्या सगळ्या खोल्या भरल्यात. सगळे ट्राऊट मासा धरायला येतायत आणि सगळ्यांना गळाला लावायची ती शिशाची 'आर्वोची विमानं' हवीत. मी नुसता साचा दिला होता. ओतता तुम्ही, रंगवता तुम्ही, आणि नाव माझं. एस्कोला सांग, पुतण्यानं बायकोसमोर काकाला हसू नये.

अर्ध्या औंसाची नकोत. ती सत्तर फूट खाली पोचेपर्यंत पाहुण्याची बाटली संपते. एक औंसाची कर, थोडी दीड औंसाची. पितळी पंख गेल्या वेळेपेक्षा नखभर रुंद काप, म्हणजे सोडलं की विमान सरळ खाली न जाता गोल गोल घिरट्या घेत उतरेल. आमचा ट्राऊट विमान वर ओढताना नुसता बघत बसतो आणि ते खाली पडताना झडप घालतो. सगळा खेळ पडण्याचा आहे. खालचे हरणाच्या शेपटीचे केस पांढरेच लाव. तो ज्या चंदेरी माशांवर जगतो ते खालच्या अंधारात पांढरेच दिसतात. ढगाळ दिवसांसाठी पाच-सहा पिवळी-हिरवी असू देत. आणि एस्कोनं हौसेनं काळी केली होती ती पुन्हा नको. त्यांना एकाही माशानं तोंड लावलं नाही, शेवटी मी ती पडद्याच्या टोकांना बांधली.

तुझा,
आर्वोकाका

मोझर जंक्शन
५ नोव्हेंबर १९७८

प्रिय आर्वोकाका,

पडद्याला! एस्को रात्रभर फुगून बसला होता. मग स्वतःच म्हणाला, "पडदे तरी सरळ लोंबत असतील."

कागदगिरणीत पुन्हा आठवड्यात तीनच दिवस काम आहे, त्यामुळे तुमची विमानं आम्हाला बरी पडतात. आमचं स्वयंपाकघर म्हणजे आता कारखाना. लापशीचं जुनं पातेलं शिशाला दिलंय. एस्को चुलीवर वितळवतो, वरची राखाडी साय चमच्यानं काढून टाकतो आणि पळीनं साच्यात ओततो. थंड झाली की मी टेबलाशी बसून त्यांच्या कडा कानशीनं घासते, पंख बसवते, केस बांधते, रंगवते. वाळायला पावाच्या फळीवर टांगते. बाहेर इतकी थंडी आहे की खिडकी उघडायची सोय नाही. सगळ्यावर एक करडी पूड बसते. मेणकापडावरून हात फिरवला की बोटं पेन्सिलीसारखी होतात. कॉफीलासुद्धा हल्ली गोडसर धातूची चव लागते. एस्को म्हणतो, साखरेचा खर्च वाचला.

मला मधूनमधून पोटात कळा येतात आणि थकवा फार. काळजी करू नका, कारण मला ठाऊक आहे. एक गोष्ट सांगायची आहे, पण आत्ता नाही. गेल्या वर्षी इथल्या लोकांना घाईनं सांगून तोंडघशी पडलो. यंदा नाताळ होऊ दे.

पंख नखभर रुंद केलेत. कुणाचं नख ते लिहिलं नव्हतंत, म्हणून माझं धरलं.

तुमची,
सायमा

टर्नस्टोन
२१ जानेवारी १९७९

प्रिय सायमा,

तुझं नख बरोबर निघालं. बर्फाला भोक पाडून विमान सोडलं की ते ताटाएवढ्या घेऱ्यात फिरत उतरतं. विनिपेगच्या एका दंतवैद्यानं बावीस पौंडांचा ट्राऊट काढला, तोही पांढऱ्या दीड औंसावर. बर्फावर गुडघे टेकून रडला बिचारा. पाहुणे म्हणतात, दोन औंसाची मिळतील का? नव्वद फुटांवरच्या म्हाताऱ्या माशांसाठी. तर दोन औंसाची कर.

एक तक्रार आहे. दात लागले की रंगाचे टवके उडतात आणि खालचं करडं दिसतं. रंगाचा आणखी एक हात दे.

नाताळ होऊन महिना झाला. ती गोष्ट कोणती? मी ओळखलंय. दक्षिणेत मोटारीच्या कारखान्यात जायचं ठरवलंत, हो ना? जा, पोटाचा प्रश्न आहे, मी कोण अडवणार. पण लिहून तरी कळव. रंगावरून बोललो म्हणून रागावू नकोस, अगोदरच सांगून ठेवतो.

आर्वोकाका

मोझर जंक्शन
१८ फेब्रुवारी १९७९

आर्वोकाका,

दक्षिणेत जायचं नव्हतं. मला दिवस गेले होते. पाचवा महिना लागला होता.

या महिन्याच्या सुरुवातीला गेलं. आधीचं तर लोकांना सांगून आठवडा व्हायच्या आतच गेलं होतं. हा मुलगा होता. नर्स म्हणाली, "बघू नका." मी म्हटलं, "इकडे द्या." माझ्या तळहातावर मावला. जमीन गोठलेली, म्हणून एस्कोनं शेडमागे शेकोटी पेटवून आधी माती सैल केली, मग खणलं.

डॉक्टर म्हणाले, "होतं असं. तरुण आहात, पुन्हा होईल." एस्कोची आई म्हणाली, जड उचललं असशील. मी काहीही उचललं नाही काका. मी तर बसूनच होते, सगळा हिवाळा, टेबलाशी.

दोन औंसाची चोवीस झाली आहेत. पाठवते. रंगाचे दोन हात दिलेत.

सायमा

टर्नस्टोन
४ मार्च १९७९

माझ्या पोरी,

मी मूर्ख म्हातारा. मोटारीचे कारखाने काय, रंगाचे टवके काय. तुझं पत्र वाचलं आणि बाहेर जाऊन नुसताच लाकडं फोडत बसलो.

आम्हालाही मूल झालं नाही. लेम्पी तेव्हा म्हणायची, हात रिकामे राहिले की डोकं खायला उठतं. तिनं सगळ्या खोल्यांसाठी गोधड्या शिवल्या. तूही काम सोडू नकोस. कामाला लाग, दिवस सरतात. पाहुण्यांपैकी एकाचं टायरचं दुकान आहे, त्यानं चाकांना लावायची शिशाची जुनी वजनं दिलीत, पोतंभर. टपालवाल्याबरोबर पाठवतोय. उन्हाळ्यासाठी ओतायला घे. शिशाचा खर्च लागणार नाही.

एस्कोला म्हणावं, काकाला त्याची आठवण येते.

तुझा,
आर्वोकाका

टर्नस्टोन
१७ जून १९७९

सायमा,

तुझं मे महिन्यातलं पत्र आणि उन्हाळ्याची विमानं मिळाली. पैसे यासोबत आहेत.

यापुढे नकोत. पाहुण्यांना आता गळाला लावायचे कारखान्यातले लोखंडी चमचे आवडायला लागलेत. चकाकतात, टिकतात, रंग उडत नाही. मीही तेच वापरायचं ठरवलंय. पोत्यात जे शिसं उरलं असेल ते भंगारवाल्याला देऊन टाका आणि साचाही द्या. घरात ठेवू नका, उगाच अडगळ.

बाकी ठीक.

आर्वो

मोझर जंक्शन
८ जुलै १९७९

आर्वोकाका,

तुमचं पत्र एस्कोनं दोनदा वाचलं आणि मग नीट घडी घालून डब्याखाली ठेवलं. मी मात्र बोलते.

तीन वर्षं 'सायमा, पंख असे काप, सायमा, केस तसे बांध.' आता लोखंडी चमचे! रंगावरून नाराज होतात तर तसं सरळ लिहायचं. मी माझं मूल पुरून आले त्याच आठवड्यात तुमच्या विमानांना दुसरा हात देत बसले होते. आणि तुम्ही पत्राखाली नुसतं 'आर्वो' लिहिता, जसं काही मी दुकानदार आहे.

असो. तुम्हाला नको असतील, दुसऱ्यांना हवी आहेत. स्टेशनाजवळचं सामानाचं दुकान आहे ना, त्याच्या मालकानं तुमच्या दंतवैद्याच्या माशाची गोष्ट ऐकली होती. हिवाळ्यासाठी त्याला तुमच्या तिप्पट हवीत. साचा भंगारात नाही जाणार. गिरणी आता पुरती बंद आहे, एस्को घरीच असतो, दोघं मिळून करू.

तुम्ही चमचे घ्या.

सायमा

टर्नस्टोन
२ सप्टेंबर १९७९

सायमा,

तू रागावलीस, बरोबर आहे. विमानांत खोट नव्हती, इतकंच सांगतो.

पण त्या दुकानाचं काम घेऊ नका. घेतलंच असेल तर एस्कोला एकट्यालाच शेडमध्ये करू दे. तू जवळ जाऊ नकोस. शिशाचा धूर चांगला नसतो असं इथे कुणीसं म्हणत होतं. आणि कानशीचं काम तर अजिबात करू नकोस. म्हाताऱ्याचं एवढं ऐक. पैशांची अडचण असेल तर मी पाठवतो.

आर्वोकाका

मोझर जंक्शन
२८ ऑक्टोबर १९७९

आर्वोकाका,

लवकर उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं ते कळेना. आधी काम काढून घेतलंत, मग दुसऱ्याचं घेऊ नका म्हणता, आणि आता पैसे पाठवतो म्हणता. एस्को म्हणाला, "काकाला आपली विमानं दुसऱ्याच्या दुकानात बघवत नाहीत." मलाही तसंच वाटलं. धुराचं म्हणाल तर तुमच्या पत्रानंतर मी खिडकीची फट उघडी ठेवायला लागले. शेडमध्ये कुठून बसणार, बर्फ पडायला लागलंय.

भांडण वाढवायला नको, म्हणून एक आनंदाची बातमी देते. सांगायची नव्हती, पण आता चौथा महिना उलटला. मला पुन्हा दिवस गेलेत. या खेपेला मी काहीच उचलत नाही, एस्को लाकडंसुद्धा आत आणू देत नाही. नुसती टेबलाशी बसून असते, घासते आणि रंगवते. दुकानाची निम्मी झालीत.

तुम्हाला राग धरायचा असेल तर धरा, पण आमच्यासाठी प्रार्थना करा.

सायमा

टर्नस्टोन
६ नोव्हेंबर १९७९

सायमा, एस्को,

हे वाचता क्षणी चूल विझवा. पातेलं, साचा, पोतं, रंगवलेली, न रंगवलेली, सगळी घराबाहेर टाका. सायमाला त्या खोलीत जाऊ देऊ नका. एस्को, तू ओल्या फडक्यानं सगळं पूस, झाडू नकोस, झाडलं की पूड उडते. फडकी फेकून दे. मग तिला डॉक्टरकडे ने आणि 'शिसं' हा शब्द सांग. रक्त तपासायला सांग. नाही म्हणाले तर तिथून हलू नकोस.

आता कारण. ते मी जूनमध्येच सांगायला हवं होतं.

मे संपता संपता माझ्या धक्क्याशी एक लून पक्षी आला. ते रात्री ओरडतात ना, काळेपांढरे, ते. मान टाकलेली, पंख लोंबलेले. माणूस बघूनही बुडी मारली नाही. सकाळी मेला. जंगलखात्याची एक मुलगी त्या आठवड्यात माझ्याकडे मासे मोजायला उतरली होती. तिनं तो माझ्या मासे साफ करायच्या फळीवर फाडला. पोटात खड्यांबरोबर शिशाची एक झिजलेली गोळी होती.

"एवढीशी?" मी विचारलं.

"एवढीशी पुरते," ती म्हणाली. "गळाची ही शिशाची विमानं, हे जिग, तुम्ही कुठून आणता?"

मी फुशारकीनं सांगितलं. माझी सून घरीच करते, चुलीवर, टेबलावर घासते, असली विमानं अख्ख्या प्रांतात मिळणार नाहीत. सून म्हणालो, सायमा. मी तुला तसंच सांगतो लोकांना.

तिनं विचारलं, "त्या घरात लहान मूल आहे?"

मी म्हटलं, "नाही. दोनदा दिवस गेले होते. राहिली नाहीत."

तिनं हातातली सुरी खाली ठेवली. मग बराच वेळ हात धुतले आणि मला बसवून सांगितलं. धूर श्वासात जातो, पूड पावावर बसते, हाताला लागते, पोटात जाते. आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं. कळा येतात, थकवा येतो, तोंडाला गोड चव येते. तू मला हे सगळं पत्रात लिहिलं होतंस, सायमा. एकेक शब्द.

ती म्हणाली, "त्यांना कळवा." मी हो म्हटलं. कागद घेऊन बसलो. काय लिहायचं? की तुझी बाळं तुझ्याच टेबलावरून गेली? मी दिलेल्या साच्यातून? तू तळहातावर घेतलेलं मूल डोळ्यांपुढे यायचं आणि हात चालायचा नाही. मग मला वाटलं, काम बंद पडलं की झालं. तिला कधी कळायलाच नको. म्हणून ते लोखंडी चमच्यांचं खोटं लिहिलं. एकाही पाहुण्यानं चमचा मागितला नव्हता.

वर तू दुःखात असताना मी तुला पोतंभर शिसं पाठवलं आणि कामाला लाग म्हणालो. तेव्हा मला माहीत नव्हतं. पण जूनमध्ये माहीत होतं.

सरोवराच्या कडेनं बर्फ धरलंय. होडी चालत नाही आणि चालून जाता येईल एवढं ते जाड नाही, नाहीतर मी स्वतः आलो असतो. रेडिओवर सांगितलं तर अख्खा जिल्हा ऐकेल, आणि तुझी गोष्ट मला तशी सांगायची नाही. टपालाचं विमान उद्या शेवटचं उतरणार आहे, पण ते पोत्यांनी भरलेलं, माणसाला जागा नाही. वैमानिकाला सांगितलंय, टपालात टाकू नकोस, घरी जाऊन हातात दे, दार उघडेपर्यंत ठोक.

आर्वो

टर्नस्टोन
१३ जानेवारी १९८०

सायमा, एस्को,

वैमानिक म्हणाला, पत्र एस्कोच्या हातात दिलं. एस्कोनं दारातच वाचलं आणि दार लावून घेतलं. बाकी त्याला काही माहीत नाही.

मी रोज गोठलेल्या सरोवरावरची विमानाची धावपट्टी साफ करतो. टपाल येतं, तुमचं काही नसतं. मला उत्तराचा हक्क नाही, पण ती बरी आहे का, एवढं एका ओळीत कळवा. नाव घालू नका हवं तर.

आर्वो

मोझर जंक्शन
२० एप्रिल १९८०

आर्वोकाका,

मुलगी झाली. मार्चच्या सुरुवातीला, वेळेआधी. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती, आता घरी आहे. नाव वेल्लामो.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी एस्कोनं मला उचलून त्याच्या आईच्या घरी नेलं, बूटसुद्धा घालू दिले नाहीत. रक्तात शिसं निघालं, माझ्या आणि त्याच्याही. मोठ्या शहरातले डॉक्टर म्हणाले, इतकं आम्ही कारखान्यातल्या माणसांतच पाहतो. एस्कोनं स्वयंपाकघराची जमीन उखडली, फळ्या जाळायच्या नाहीत म्हणून खड्ड्यात पुरल्या. पावाची फळीही पुरली.  हिवाळ्यात एकदा म्हणाला, "साय मी काढायचो. चमच्यानं. आणि तो चमचा धुऊन परत खणात टाकायचो." मी म्हटलं, "हो, आणि मी त्यानंच खायचे." मग आम्ही दोघंही रडलो, पण निदान एकत्र.

पोर छोटी आहे. दूध पिते, पण मध्येच थकते. भांडं पडलं की बाळं दचकतात ना, ही कधी दचकते, कधी नाही. मी सारखी भांडी पाडून बघते. एस्को म्हणतो, पुरे कर. डॉक्टर म्हणाले, वर्षभर थांबा, मग तपासू. मी विचारलं, काही निघालं तर ते शिशानं का? आणि आधीची दोन? ते म्हणाले, बहुतेक. पण खात्रीनं कधीच सांगता येणार नाही. त्या 'बहुतेक'शी मी रोज उठते.

मला राग कशाचा आहे ते सांगते. साच्याचा नाही. पोत्याचाही नाही, तुम्हाला माहीत नव्हतं. पण जूनच्या त्या पत्राच्या जागी दुसरं पत्र आलं असतं तर ही पोर पोटात यायच्या आधी मी त्या टेबलावरून उठले असते. तुम्हाला वाटलं मला झेपणार नाही. मी माझ्या मुलाला हातात धरलं होतं काका. मला काय झेपतं ते तुम्ही ठरवायचं नव्हतं. तुम्ही मला जपलंत आणि तिला नाही.

हे मी तुमच्या तोंडावर बोलू शकणार नाही, म्हणून लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही.

एस्कोला जंगलात लाकूडतोडीचं काम मिळालंय. सोमवारी जातो तो शुक्रवारी येतो. मी आणि वेल्लामो दोघीच असतो. मला झोप हवी आहे आणि आंघोळीला अर्धा तास हवा आहे. एस्कोच्या आईच्या हाती मी तिला देत नाही, ती अजून म्हणते मी काहीतरी जड उचललं असणार.

तुमचं बर्फ सुटलं की या. मी तिला तुमच्या मांडीवर ठेवेन आणि दुसऱ्या खोलीत जाईन. तुमच्याशी बोलायला मला वेळ लागेल, किती ते माहीत नाही. पण तिच्याशी तुम्ही बोला. डाव्या कानाशी बोला, मोठ्यानं. त्या बाजूला ती जास्त वळते असं मला वाटतं. एस्कोला तसं वाटत नाही. तिसऱ्या माणसानं बघायला हवं.

मासेमारीचा कोट घालू नका. खिशात काही ठेवू नका. दाराबाहेर बादली आणि साबण असतो, आमच्याकडे आता प्रत्येकजण आधी तिथे धुतो. कोपरापर्यंत धुवा, नखांतून ब्रश फिरवा आणि मग आत या.

सायमा